ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या दारव्हा येथील स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून दिलं आहे.)



सूत्रसंचालन करणाऱ्या मित्राने माझी ओळख करून देताना 'पुण्याला मोठ्या हुद्द्यावर' असं म्हटलं. हुद्दा केवढा ते माझ्या घरी विचारा. २००१ साली अमरावतीहून इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन निघाले तेव्हा आयटीत मंदी होती. वर्षभर मिळेल ते काम केलं आणि मग नोकरी लागली. तेव्हापासून कॉम्प्युटरसमोर बसून प्रोग्राम लिहिते आहे. भाषणाची सवय नाही. चुकलं तर मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, त्या खुणावतीलच.

संयोजकांनी मला विषय दिला, 'महिला, युवक आणि ग्रामीण उद्योजकता'. शाळेत निबंधाला असा विषय आला असता तर मी 'आजच्या आधुनिक युगात' अशी सुरुवात करून दहापैकी सहा गुण मिळवले असते. आज तसं करत नाही. गेल्या काही वर्षांत मी गावाकडे जे पाहिलं, आणि माझ्या हातून जे चुकलं, ते सांगते.

सुरुवात आपल्या शकुंतलेपासून करते. यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी. आपली नववीची परीक्षा आटोपली त्या एप्रिलमध्ये, १९९४ साली, तिचं कोळशाचं इंजिन निघालं आणि डिझेलचं आलं. शिट्टी बदलली म्हणून आपल्याला किती वाईट वाटलं होतं! त्या वेळी सरांनी वर्गात सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. हे रूळ किलिक-निक्सन या इंग्रजी कंपनीने आपला कापूस वाहून न्यायला टाकले, आणि स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली तरी मालकी खासगी कंपनीचीच आहे. जमीन इथली, कापूस इथला, रूळ दुरुस्त करणारे हात इथले, आणि कागदावर नाव मात्र भलत्याचंच. आपण तेव्हा हसलो होतो. आज गाडी बंद आहे, पण काम करणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, ही रीत आपल्या घराघरात अजून चालू आहे. मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आठवा, दहावीच्या आधी शाळेत एक फॉर्म भरून घेतला होता. वडिलांचा व्यवसाय, आईचा व्यवसाय. बहुतेकांनी वडिलांपुढे 'शेती' लिहिलं आणि आईपुढे 'घरकाम'. मीही तेच लिहिलं. त्या दिवशी सकाळी माझी आई कुठे होती? वावरात. पहाटे उठून भाकरी थापल्या, डोक्यावर पाटी घेतली आणि वेचणीला गेली. आपल्या भागात कापूस कोण वेचतं? बाया. निंदण कोण करतं? बाया. सीतादहीला दहीभात घेऊन पहिल्या बोंडाची पूजा कोण करतं? त्याच. पण कापूस विकला की चुकाऱ्याचा चेक बाबांच्या नावाने यायचा. त्यात कुणाची लबाडी नव्हती. सातबारा बाबांच्या नावावर, म्हणून चेक त्यांच्या नावावर. इतकं सरळ होतं ते.

म्हणून 'ग्रामीण महिला आता काम करायला लागल्या' असं कुणी भाषणात म्हटलं की मला आपला तो फॉर्म आठवतो. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत २०१७-१८ साली खेड्यातल्या पंधरा वर्षांवरच्या शंभर बायांपैकी सुमारे २५ जणी कामकरी किंवा काम शोधणाऱ्या मोजल्या गेल्या होत्या. २०२३-२४ मध्ये तो आकडा ४७.६ वर गेला. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. असं का झालं यावर अभ्यासकांत वाद आहे. कुणी म्हणतं बचतगटांमुळे, कुणी म्हणतं घरची ओढाताण वाढल्यामुळे, कुणी म्हणतं मोजणीच सुधारली. पण त्याच पाहणीत एक रकाना आहे, 'घरच्या उद्योगात विनामोबदला मदतनीस'. या वाढलेल्या बायांपैकी खूपजणी त्या रकान्यात बसतात. म्हणजे फॉर्मवर आता 'घरकाम'च्या जागी 'मदतनीस' आलं. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमिनीच्या खातेदारांत बाया किती निघाल्या? शंभरात जेमतेम १४.

आता माझी चूक सांगते.

२०१८ च्या सुमारास ऑफिसातल्या चारजणांनी मिळून आम्ही सुट्टीच्या दिवशी एक मोबाईल ॲप बनवलं. डेटा स्वस्त झाला होता, खेड्यात घरोघरी स्मार्टफोन आले होते. मनात आलं, बचतगटांच्या वह्या मोबाईलवर आणू. कल्पना काही आमची एकट्याची नव्हती. नाबार्डने २०१५ मध्ये 'ई-शक्ती' नावाने गटांचे हिशेब संगणकावर आणायला धुळे आणि झारखंडातल्या रामगढ जिल्ह्यापासून सुरुवात केलीच होती. आम्हाला आपलं वाटलं, आमचं ॲप जास्त सोपं आहे, मराठीत आहे. मी ते घेऊन आपल्याच तालुक्यातल्या एका गटाकडे आले. बारा बाया. दर महिन्याला शंभर-शंभर रुपये जमा करायच्या, आपसात कर्ज द्यायच्या. वही इतकी स्वच्छ होती की आमच्या ऑफिसातले ऑडिटवालेही खूश झाले असते.

ॲपमध्ये शिरायला मोबाईल नंबर टाकायचा, त्यावर ओटीपी येणार. मी प्रत्येकीला नंबर विचारला. बाराजणींनी बारा नंबर सांगितले. मी खूश. दुसऱ्या बैठकीला कळलं की त्यातले तीनच फोन बायांचे स्वतःचे होते. बाकीचे नंबर नवऱ्याचे, पोराचे, एकीचा तर दिराचा. बैठक संध्याकाळी सात वाजता, त्या वेळी नवऱ्याचा फोन नवऱ्याबरोबर पानठेल्यावर. ओटीपी पानठेल्यावर जायचा. मग पोरगं पळत जायचं, आकडे पाठ करून पळत यायचं, तोवर ओटीपीची मुदत संपलेली. आम्ही हसून हसून दमलो.

हसू पुढच्या महिन्यात थांबलं. ॲप दर महिन्याला जमा रकमेचा मेसेज पाठवायचं. ती सोय मीच टाकली होती, पारदर्शकता म्हणून. एका बाईने तीन-चार वर्षं गटात थोडे थोडे करून साडेसहा हजार रुपये साठवले होते. मुलीच्या ॲडमिशनसाठी. घरी ठाऊक नव्हतं. मेसेज नवऱ्याच्या फोनवर गेला. दोन दिवसांत ती गटात आली आणि सगळे पैसे काढून घेऊन गेली. मुलीच्या ॲडमिशनला ते पैसे लागले नाहीत, एवढंच सांगते.

मी तिला भेटायला गेले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमची चूक नाई बाई. मीच माया नंबर द्याले पायजे होता. पण माया नंबरच कुठी हाये?"

वही होती तोवर ते पैसे सुरक्षित होते, कारण वही गटाच्या पेटीत राहायची. माझ्या ॲपने ती पेटी तिच्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात नेऊन ठेवली. प्रोग्राममध्ये एकही चूक नव्हती. बाराही नंबर तपासून घेतले होते. एक प्रश्न तेवढा विचारायचा राहिला होता : हा फोन कुणाचा?

नंतर वाचताना लक्षात आलं की हा प्रश्न आपल्याच राज्यातल्या बायांनी माझ्या कितीतरी आधी सोडवला होता. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायांना घेऊन माणदेशी महिला सहकारी बँक काढली, १९९७ साली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण अर्ज करणाऱ्या बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाया पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही, पण व्याज तोंडी काढता येतं, घ्या परीक्षा. परवाना मिळाला. पुढे त्याच बँकेत डिजिटल खात्याला पिन द्यायची वेळ आली, तेव्हा बायांनी पिन नको म्हटलं. आकडा कुणीही बघून घेईल, आमचा अंगठा कोण चोरणार? खात्याला अंगठाच जोडा. इंजिनिअर मी आहे, पण ही रचना त्या बायांना सुचली, मला नाही.

आता आपल्या वर्गातल्या एकीबद्दल. तिने नाव घ्यायचं नाही अशी अट घातली आहे. ती चौथ्या रांगेत बसली आहे आणि आत्ता माझ्याकडे डोळे वटारून बघते आहे. दहावीला गणितात तिला १५० पैकी १४२ होते, मला १३१. सरांना आठवत असेल. निकालानंतर मी यवतमाळला अकरावीला गेले, आणि तिचं पुढच्या उन्हाळ्यात दिग्रस तालुक्यात लग्न झालं. मधली वीस वर्षं आमची गाठ नाही. गटाच्या एका प्रशिक्षणाला मी पाहुणी म्हणून गेले, तिथे ती पहिल्या बाकावर, हातात वही घेऊन.

ती आणि तिच्या गटातल्या नऊजणी तूरडाळ करतात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल तयार केली आहे, त्या प्रकारची मशीन त्यांनी घेतली. तूर चाळायची, प्रत लावायची, तेल-पाणी लावून उन्हात वाळवायची, मग भरडायची. क्विंटलभर तुरीत सत्तर-बहात्तर किलो डाळ निघते, उरलेली चुरी आणि टरफल जनावरांना जातं. पॉलिश नाही.

तिने मला हिशेब दाखवला. शंभर किलो तूर हमीभावाने धरली, म्हणजे २०२४-२५ च्या हंगामात ७,५५० रुपये. वीज, तेल, पिशव्या, भाडं मिळून ९००. एकूण ८,४५०. डाळ ७२ किलो, १२५ रुपयांनी ९,०००. चुरी ५०० ची. आले ९,५००. नफा १,०५०. सगळ्याजणी खूश.

मी विचारलं, "यात तुमची मजुरी कुठे आहे?"

ती म्हणाली, "आमची कशाची मजुरी? घरचंच तर काम आहे."

मग आम्ही मोजलं. एका क्विंटलला चारजणींचा पूर्ण दिवस जातो. दुसऱ्याच्या वावरात गेल्या असत्या तर अडीचशे रुपये रोज मिळाला असता. चार गुणिले अडीचशे, हजार. नफा उरला पन्नास रुपये. गणितात १४२ गुण मिळवणारी बाई, पण स्वतःचा दिवस खर्चात धरायचा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मलाही त्या फॉर्मवर 'घरकाम' लिहिताना कुणी टोकलं नव्हतं.

तिने वहीत एक नवा रकाना आखला, 'आमची मजुरी'. तो भरायचाच, असं ठरलं. मग भाव बदलावा लागला. व्यापाऱ्याला १२५ ने द्यायचं कमी करून नागपूर-पुण्याच्या घरांत थेट १४० ने विकायला सुरुवात केली. ७२ किलोवर पंधरा रुपये म्हणजे हजार-ऐंशी जास्त. आधी दोन महिने विक्री घटली, दोघी कुरकुरल्या. मग बसली घडी. आज रोज सुटतो आणि वर थोडा नफा राहतो. त्यातून चूलबंद श्रीमंती आलेली नाही. पण हजेरी लागते आणि पैसे खात्यात पडतात.

आता युवकांचं. तिचा मुलगा पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला होता. चार वर्षं अभ्यासिका, मेस, कॉट बेसिस. दोनदा थोडक्यात हुकलं, परत आला. आपल्यापैकी बऱ्याच घरांत ही गोष्ट आहे, म्हणून मी फार बोलत नाही. परत आलेला पोरगा सहा महिने घराबाहेर पडत नाही, हे मी पाहिलं आहे. हा हळूहळू आईच्या कामात आला. पॅकिंगवर लेबल, व्हॉट्सॲपवर ऑर्डरी, शंभर रुपये भरून अन्नसुरक्षेची नोंदणी, उद्यम नोंदणी, सगळं त्याने केलं. चांगलं केलं. एका प्रदर्शनात मी त्यांच्या टेबलावरून डाळ घेतली, क्यूआर कोड स्कॅन केला आणि फोनवर नाव आलं ते मुलाचं.

मी काही बोलले नाही. तिनेच माझा चेहरा वाचला. त्या रात्री घरात बरीच वादावादी झाली म्हणे. मुलाचं म्हणणं, मी काय पैसे खातो का? खात नव्हताच. पण व्यापारी यायचे ते त्यालाच 'मालक' म्हणायचे, बँकेतला माणूस त्यालाच फोन करायचा, आणि दहा बायांची डाळ हळूहळू एका पोराची डाळ होत चालली होती. शेवटी क्यूआर गटाच्या खात्याचा झाला आणि पोराला गटाने महिन्याचा पगार ठरवून दिला. आई मालकांपैकी एक आणि मुलगा पगारी. गावाने थोडी थट्टा केली. पण त्याला पहिल्यांदा हिशेबाचा पगार मिळाला आणि त्याचीही मान वर झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याचं कष्टाचं काम त्याच्या नावावर, बायांचं बायांच्या नावावर.

आपल्या तरुण पोरांसाठी गावात काम नाही, असं नाही. २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. त्यातले कितीतरी रोजाने फवारणारे होते. आज फवारणी हाच शिकून करायचा धंदा होतो आहे. २०२३ च्या शेवटी केंद्राने 'नमो ड्रोन दीदी' योजना आणली. देशातल्या १५ हजार बचतगटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत. त्यात मला आवडलेली गोष्ट अशी की ड्रोन उडवायचं प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावाने असतं. ते नवऱ्याच्या नावाने काढून बायकोने वापरता येत नाही, आणि उलटही नाही.

योजना कमी नाहीत. माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ पासून आहे. बचतगटांना बँकेशी जोडायचं काम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलं. 'उमेद' अभियान २०११ चं. अन्नप्रक्रियेच्या केंद्रीय योजनेत २०२० पासून गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळतं. २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळला जी मोठी सभा झाली, तिथे राज्यातल्या साडेपाच लाख गटांना ८२५ कोटींचा फिरता निधी दिला गेला. आकडा ऐकून डोळे दिपतात. भागून बघा, एका गटाला १५ हजार. दहाजणींचा गट असेल तर एकीला दीड हजार. मी त्याला कमी लेखत नाही. दीड हजार फिरले तर शेळीचं पिल्लू येतं. पण ज्याला आपण मोठा आकडा म्हणतो, तो बाईच्या हातात पडेपर्यंत केवढा होतो, हे आपण गणित शिकलेल्या लोकांनी तरी पाहिलं पाहिजे.

आणि नाव बाईचं असलं म्हणजे झालं, असंही नाही. देशातल्या मुद्रा कर्जांची दोनतृतीयांशाच्या आसपास खाती बायांच्या नावावर आहेत. आठवड्याच्या हप्त्याची छोटी कर्जंही बायांनाच देतात, कारण बाया बुडवत नाहीत. पण कित्येक घरांत कर्ज तिच्या नावावर, पैसा दवाखान्यात नाही तर मोटारसायकलमध्ये, आणि हप्त्याच्या दिवशी दारात उभी राहायची ती. माझ्या ॲपच्या गटातल्या बारापैकी दोघी अशाच तीन-तीन हप्त्यांत अडकल्या आणि ऊसतोडीला निघून गेल्या. त्या अजून गटात परतलेल्या नाहीत. नाव, पैसा आणि निर्णय, तिन्ही एका हातात असतील तरच त्याला तिचा उद्योग म्हणायचा. नुसतं नाव असेल तर ते ओझं होतं.

आता शेवटची गोष्ट. ही सांगावी की नाही, यावर मी काल रात्रभर विचार केला.

महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला तो १९९४ साली, २२ जूनपासून. देशात तो २००५ ला आला. राज्यातला हक्क तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना होता, म्हणजे आपल्या वर्गातल्या आम्हा सगळ्याजणींना. आपली दहावीची शाळा सुरू होत होती त्याच दिवसांतली ही गोष्ट. आम्हाला कुणी सांगितली नाही, आणि आम्ही विचारलीही नाही.

त्याच्याही आधी, १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेने चांदवडला बायांचं अधिवेशन भरवलं होतं. आपले कितीतरी काका-मामा तेव्हा छातीवर लाल बिल्ला लावून फिरत. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती' काढली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा एक तुकडा खुशीने बायकोच्या नावावर करून द्यायचा, आणि ज्या गावात शंभर घरं असं करतील ते लक्ष्मी मुक्तीचं गाव. म्हणजे ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना नवी नाही, बाहेरून आलेली नाही.

माझे बाबा २०१४ मध्ये गेले. तेराव्यानंतर भाऊ कागद घेऊन आला. हक्कसोडपत्र. "सगळ्या बहिणी करतात," कुणीतरी म्हणालं. माझी पुण्याची गाडी चारची होती. मी सही केली. माझ्या खाली आईने केली. ऑफिसात मी दहा ओळींचा करार तीनदा वाचते. तो कागद मी वाचला नाही.

भाऊ चांगला आहे, नोकरीला नागपूरला असतो. शेती आईच करायची. कापूस विकायला सातबारा लागतो, तो भावाचा. पैसे भावाच्या खात्यात, तो न चुकता आईला पाठवायचा. कुठे काही बिघडलं नव्हतं. मग एका वर्षी अतिवृष्टीत कपाशी गेली, पंचनामा झाला. आई फोनवर म्हणाली, "पीक माया हातचं गेलं, अन् पंचनाम्यात नाव तुया भावाचं." तक्रार नव्हती तिच्या आवाजात. तिला नवल वाटलं होतं. सत्तरी आली तेव्हा.

मी भावाशी बोलले. तो दुखावला. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही. पंधरा दिवस आमचं बोलणं बंद. नंतर आईनेच त्याला फोन केला, काय बोलली ते तिने मला सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी दोन एकर आईच्या नावावर झाले, फेरफार झाला. तिने तो सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवला आहे. माझ्या हिश्श्याचं मी अजून काही बोललेले नाही. का नाही, ते मला नीट सांगता येत नाही. तुमच्यासमोर खोटं बोलायचं नाही म्हणून सांगितलं.

या बॅचने शाळेला काय द्यावं, यावर काल व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा झाली. कॉम्प्युटर, प्रोजेक्टर, पाण्याची टाकी. सगळं द्या, मीही वाटा देते. पण माझ्या तीन विनंत्या आहेत, त्यांना पैसे लागत नाहीत.

पहिली. घरी गेल्यावर सातबारा आणि घराचा नमुना आठ काढून बघा. त्यावर आईचं, बायकोचं नाव आहे का? बहिणीने सही केली असेल, तर तिला एकदा विचारा की तिने तो कागद वाचला होता का.

दुसरी. गटाचा माल घ्याल तेव्हा 'मदत' म्हणून घेऊ नका आणि भावात घासाघीसही करू नका. डाळ खराब निघाली तर परत करा, चांगली निघाली तर पुन्हा मागवा. आणि पैसे त्याच दिवशी द्या. आपल्याच ग्रुपवरच्या तिघांचे तीन महिन्यांपासून बाकी आहेत, तिच्या वहीत नावं आहेत.

तिसरी विनंती शिक्षकांना. शाळेच्या फॉर्मवर आता आईचं नावही लागतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात तर वडिलांच्या आधी आईचं नाव येणार आहे. ती मुलं चार-पाच वर्षांत आपल्या शाळेत येतील. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मुलाने 'घरकाम' लिहिलं तर एकदा त्याला विचारा, "सकाळी आई कुठे गेली होती?"

सर, तुम्ही गणितात नुसतं उत्तर लिहिलं तर गुण कापायचे. उत्तर बरोबर आहे, पण रीत कुठे आहे, असं विचारायचे. तीस वर्षं मी उत्तरं देते आहे. रीत तपासायला मला त्या बाराजणींनी शिकवलं.

बाहेर मंडपात उजव्या हाताला डाळीचं टेबल आहे. अर्धा किलो आणि एक किलो अशा पिशव्या आहेत. स्कॅन केल्यावर फोनवर नाव येईल. पैसे पाठवण्याआधी ते एकदा वाचा.